आप्पांच्या वहाणा

आमच्या घरात पळायला बंदी होती. शाळेची घंटा झाली तरी, वाळत घातलेल्या पापडांवर थेंब पडायला लागले तरी, दूध उतू चाललं तरी. दूध वर येतंय हे आईला दिसायचं, ती उठायचीही, पण अशी, की जणू उद्या सकाळपर्यंत वेळ आहे. तोवर अर्धं दूध चुलीत. मी धावले की मागून हाक यायची, "सावकाश." या एका शब्दावर आईने आम्हा दोघी बहिणींना वाढवलं. लंगडी नाही, लपंडाव नाही, दोरीवरच्या उड्या तर नाहीच नाही. खेळाच्या तासाला मी झाडाखाली बसून सगळ्यांची दप्तरं राखायची. माझ्या छातीत काहीतरी दुखणं आहे अशी बाईंची शेवटपर्यंत समजूत होती.

कारण एकच. आमचे आप्पा घाईने गेले.

निदान आईचं म्हणणं तसं होतं, आणि आमच्याकडे आईच्या म्हणण्यापुढे कुणाचं चालत नसे. आप्पा शिंपी. कुंभकोणमच्या मोठ्या बाजारात त्यांचं दुकान: एक मशीन, एक कापायचं टेबल, एक आरसा. घर सारंगपाणीच्या देवळाजवळच्या बोळात. एका संध्याकाळी दुकान उघडं टाकून ते घराकडे पळत आले. देवळासमोर रथ उभा असतो, वर्षभर पत्र्यांनी झाकलेला. त्या रथाच्या शेडपाशी ते पडले आणि उठले नाहीत. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली, असं दवाखान्यात सांगितलं. ज्यांनी ज्यांनी बघितलं ते एकच सांगत होते, शिंपी पळत होता आणि पळता पळता पडला. का पळत होता, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मी तेव्हा पहिलीत होते, अक्का सहावीत. रथाच्या शेडपासून आमचं दार दिसतं. एवढंच अंतर राहिलं होतं.

आम्ही इथले मराठी. पूर्वज मराठ्यांच्या राज्यात तंजावरकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. देवळं बघायला आलेलं कुणी महाराष्ट्रातलं आमचं बोलणं ऐकतं तेव्हा हसतं, तुम्ही जुन्या पोथीतून उठून आलात की काय म्हणतं. हसू देत बापडे. आईचं बोलणं तर त्याहून जुनं. आप्पांच्या चपलांना ती वहाणाच म्हणायची, आणि त्या वहाणांचा आवाज तिला रोज ऐकू यायचा.

आता हे सांगायचं म्हणजे लोक मला वेडी म्हणतील, पण म्हणू देत. दिवेलागणीला आई घराचं दार सताड उघडायची. ओट्यावर पाण्याने भरलेला तांब्या ठेवायची, बाहेरून आलेल्या माणसाने पाय धुवावेत म्हणून. मग दाराशी बसायची, डोकं जरा डावीकडे झुकवून. आम्ही अभ्यासाला बसलेल्या असायचो. मध्येच ती हात वर करायची, की आम्ही गप्प. ती म्हणायची, "ऐका. वहाणा वाजतायत. आले रथापर्यंत." आणि थोड्या वेळाने तिचा चेहरा उतरायचा. रथापुढे तो आवाज कधी आला नाही. मग ती तांब्यातलं पाणी तुळशीला घालायची आणि दार लावायची. आप्पांच्या वहाणा जाड टायरच्या तळव्याच्या होत्या, चालताना त्यांचा दणका बसायचा, एवढं मला अंधूक आठवत होतं. पण मला काही ऐकू यायचं नाही. मी कान देऊन देऊन थकायची. अक्का मान खाली घालून पाढे लिहीत राहायची.

मी भ्यायची. खोटं कशाला बोलू, वडलांचीच भीती वाटायची मला. मरूनही त्यांची घाई संपली नाही, असं वाटायचं.

पुढे अक्काचं लग्न झालं, ती पापनाशम्‌ला गेली. मी लग्न केलं नाही, दुकान केलं. आप्पांच्याच मशीनवर बसले आणि ब्लाऊज शिवायला लागले. दारासुरम्‌च्या रेशमी साड्या घेतलेल्या बायका साडीतला तुकडा कापून माझ्याकडे आणतात. गळा मागून किती खोल घ्यायचा यावर तासभर चर्चा करतात आणि शेवटी पहिला होता तसाच शिवायला सांगतात. सकाळी बसले की संध्याकाळपर्यंत उठायचं काम नाही. चहा जागेवर, जेवण जागेवर. आईला हे फार पसंत होतं. तिच्या मते मी सुरक्षित होते.

आई गेली तीही बसल्या जागी. ओट्यावर जाईची फुलं ओवत होती, मान कलली. मला वाटलं डुलकी लागली. शेजारणी म्हणाल्या, किती पुण्यवान, फुलं हातात घेऊन गेली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पुण्य कसलं डोंबलाचं? डॉक्टरांनी तेच सांगितलं जे आप्पांच्या वेळी सांगितलं होतं, डोक्यातली रक्तवाहिनी. जन्मभर जी बाई एक पाऊल घाईने टाकत नव्हती, तिला तेच व्हावं? त्या वेळीच मी शहाणपणाने विचार करायला हवा होता. पण दुःखात माणूस विचार करत नाही, सवयी करत राहतो. तोवर अक्काचे यजमान गेले होते, ती घरी परत आली होती. आईच्या दहाव्यानंतर दिवेलागणीला मी बघते तो अक्काने दार उघडलं होतं आणि ओट्यावर तांब्या भरून ठेवला होता. मी जाऊन तिच्याजवळ बसले. अक्का मुळातच कमी बोलते, माझ्या वाट्याचं मीच बोलते आणि तिच्याही वाट्याचं मीच.

आणि मग एक दिवस मलाही वहाणा ऐकू आल्या.

मी आडवी पडले होते, डाव्या कुशीवर. आधी वाटलं, बोळात कुणी चालतंय. टप, टप, टप. उठून बसले तर बंद. पुन्हा पडले, पुन्हा सुरू. कुणीतरी लगबगीने घराकडे यावं तसा आवाज. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. आई गेली आणि जाताना हे माझ्या पदरात टाकून गेली, असं मला वाटलं. त्यानंतर तो आवाज मला सोडेना. दुकानात मशीन थांबलं की तो. पहाटे जाग आली की तो. त्याच सुमाराला डोकं दुखायला लागलं, जिना चढताना धाप लागायला लागली. डोक्यावरून पाणी जायला लागलं तेव्हा कुठे मी महामहम तलावाजवळच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले.

वयाने माझ्यापेक्षा कितीतरी लहान, तमिळ मुलगी, पण जीभ तिखट. आमचं चांगलं जमलं. तिने दंडाला पट्टा बांधला, फुगवला, आकडा बघितला, पुन्हा फुगवला. मग विचारलं, हे प्रेशर किती वर्षांपासूनचं आहे? मला काय ठाऊक? कधी मोजलंच नव्हतं. आईचं? नाही. वडलांचं? नाही. ती म्हणाली, रक्तवाहिन्या कडक झाल्यात, एका दिवसात होत नाहीत तशा. मी आवाजाचंही सांगितलं, हसण्यावारी नेत नेत. ती हसली नाही. तिने नळी माझ्या मानेवर लावून ऐकलं, माझं मनगट धरलं आणि म्हणाली, कधी कधी प्रेशरवाल्या माणसाला स्वतःचंच रक्त कानात ऐकू येतं. मी मनात म्हटलं, बाई, तू माझ्या आप्पांना ओळखत नाहीस.

गोळ्या दिल्या, छातीच्या ठोक्यांचा कागद काढला, आणि म्हणाली की आता रोज चालायचं. मी म्हटलं, आमच्याकडे चालून माणसं मरतात. तिने आप्पांची सगळी हकिगत ऐकून घेतली. मग मला शिंपिणीला समजेल असं सांगितलं. रक्तवाहिनीला आतून एक पातळ अस्तर असतं. माणूस भराभर चालला की रक्त जोराने वाहतं, अस्तरावरून घासत जातं, त्याने अस्तर जागं होतं आणि भिंतीला सैल व्हायला लावतं. रोज असं झालं की वाहिनी ताणली जाते, पूर्ववत होते, मऊ राहते. बसून राहणाऱ्याच्या भिंती घट्ट होत जातात, आणि मग हृदयाला प्रत्येक ठोक्याला जास्त जोर लावावा लागतो. हे मला पटलं. परकराचं इलॅस्टिक डब्यात वर्षानुवर्षं तसंच पडून राहिलं आणि मग ताणलं, की कडकड तुटतं. वापरातलं टिकतं.

पटलं, म्हणून मी चालायला लागले. कुंभेश्वराच्या देवळात, रोज सकाळी, तासभर. मीठ कमी केलं. पापड सोडले, लोणचं सोडलं. लोणच्याची बरणी कपाटात मागे ढकलताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते कुणाला सांगितलं नाही. महिने गेले. दर वेळी पट्टा फुगायचा आणि दर वेळी आकडा तिथल्या तिथे. डॉक्टरीणबाई चक्रावल्या. गोळ्या वेळेवर? हो. मीठ? नाही. चालणं? रोज, म्हटलं, देवाशप्पथ. शेवटी त्यांनी हात टेकले आणि मला म्हणाल्या, जरा चालून दाखवा.

बाहेर बाकांवर पेशंट बसलेले. त्यांच्यासमोर, त्या अरुंद व्हरांड्यात, मी चालून दाखवलं. आमच्याकडे प्रदक्षिणा कशी घालतात ते मला आईने शिकवलं होतं: डोक्यावर काठोकाठ भरलेला तेलाचा घडा आहे असं समजायचं आणि थेंब सांडू द्यायचा नाही. नवसाची प्रदक्षिणा असेल तर आणखी हळू, या पावलाच्या बोटांना त्या पावलाची टाच लावून. मी महिनोन्‌महिने तीच घालत होते. व्हरांड्याच्या टोकाला पोचेपर्यंत एक म्हातारे गृहस्थ आत जाऊन तपासून घेऊन बाहेरही आले. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. विचारलं, चालताना गाता येतं का? मी म्हटलं, गाते ना, एकादशीची सगळी भजनं म्हणून होतात. बाकांवरचे लोक हसायला लागले. कर्म माझं! मीही हसले, काय करणार.

त्या म्हणाल्या, "ही देवासाठी राहू द्या, अम्मा. रक्तासाठी वेगळं चाला. बोलता आलं पाहिजे, पण गाता येता कामा नये. आधी थोडं, मग वाढवत न्या."

ऐकायला सोपं. मी दुसऱ्या दिवशी महामहम तलावावर गेले. सकाळी तिथे अर्धं गाव चालत असतं, बूट घातलेले निवृत्त लोक, साडी खोचलेल्या बायका. मी आयुष्यात पहिल्यांदा भराभर पावलं टाकली. काठावरचा पहिला मंडप गेला, दुसरा गेला. अंग गरम झालं. छान वाटत होतं, हेही सांगायला हवं. फार छान वाटत होतं. आणि मग मागून वहाणा आल्या. मी जोरात तर त्याही जोरात. अगदी मानेशी. मी वळून बघितलं, मागे कुणी नव्हतं. छाती धडधडत होती आणि त्या वाजतच होत्या, टप टप टप टप, मला गाठायला आल्यासारख्या. मी तिथेच पायरीवर बसले. थांबले तेव्हा हळूहळू त्याही मंद झाल्या. मला वाटलं, आप्पा सांगायला आलेत. इथपर्यंतच. यापुढे माझ्यासारखी पडशील.

घरी येऊन अक्काला सांगितलं, आता चालणं बंद. आईचंच खरं होतं. अक्का तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले, तिने माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटलं. मला तेव्हा तिचा राग आला होता. दोन शब्द धीराचे बोलली असती तर काय तोंड झिजलं असतं?

डॉक्टरीणबाईंकडे जायचंही मी टाळलं. गोळ्या कधी घेतल्या, कधी राहिल्या. पुन्हा मशीनवर बसले, ती बसले.

मग ती संध्याकाळ आली. अक्का रोज चारनंतर कॉफी घेऊन दुकानात येते. ती पायरी चढत होती आणि मी टेबलाशी उभी राहून अस्तर कापत होते. कात्री माझ्या हातातून पडली. मी वाकून उचलली, पुन्हा पडली. उजव्या हाताची बोटं माझी नव्हतीच, कुणीतरी काढून ठेवल्यासारखी. मी अक्काला सांगायला गेले, तर जीभ जड. मला सगळ्यांत जास्त आठवतो तो अक्काचा चेहरा. कॉफीचं भांडं तिच्या हातातून सुटलं आणि तिने अशी किंकाळी फोडली की समोरचा भांडीवाला धावत आला. अक्का, जी शेजाऱ्याला हाकसुद्धा हळू मारते. तिने मला धरून ओढलं, रिक्षात कोंबलं आणि सबंध वाटेत माझा तो मेलेला हात दोन्ही हातांनी चोळत राहिली.

दवाखान्यात पोचेपर्यंत हात परत आला होता. बोटं हलायला लागली, जीभ वळायला लागली. डोक्याचा फोटो काढला, दोन दिवस ठेवून घेतलं. आमच्या डॉक्टरीणबाई बघायला आल्या आणि या खेपेला अजिबात हसल्या नाहीत. ही सूचना होती, म्हणाल्या. या वेळी आलं आणि गेलं. पुढच्या वेळी जाईलच असं नाही. गोळ्या चुकवायच्या नाहीत, आणि अंगात बळ आल्यावर, त्या हो म्हणतील तेव्हा, चालायचंच, भराभर. मी मान हलवली. मनात म्हटलं, चालले तर आप्पांसारखी जाणार, बसले तर आईसारखी. मग उगाच कशाला जिवाची दमछाक?

महिन्याने त्यांनी चालायची परवानगी दिली. त्या दिवशी संध्याकाळी मी अक्काला म्हटलं की मी जाणार नाहीये. दार उघडं होतं, तांब्या ओट्यावर होता. अक्का माझ्याजवळ येऊन बसली, आणि जी बाई दिवसाला चार वाक्यं बोलते ती बोलायला लागली.

"आप्पा पळत होते म्हणून पडले नाहीत," ती म्हणाली.

मला कळेना ती काय म्हणते आहे.

त्या दिवशी ती दुकानात होती. शाळेतून आली की आप्पांची कॉफी घेऊन तीच जायची. आप्पा टेबलाशी कापत होते. त्यांच्या हातातून कात्री पडली. त्यांनी ती उचलली, पुन्हा पडली. मग ते आपल्या हाताकडे बघत राहिले. अक्काकडे वळले तेव्हा त्यांचं तोंड एका बाजूला ओघळलं होतं. ते काहीतरी बोलले, पण ते शब्द नव्हते. त्यांनी डाव्या हाताने तिला खुणावलं, इथेच बस. आणि पायरी उतरून घराच्या दिशेने पळत सुटले. ती बसली. सांगितलं होतं म्हणून बसली. अंधार पडला, समोरच्या दुकानदाराने येऊन उचलून नेईपर्यंत ती त्या स्टुलावर दुकान राखत बसली होती.

"त्यांना कळलं होतं," अक्का म्हणाली. "हात गेला होता, वाचा गेली होती, पाय तेवढे राहिले होते. म्हणून पळाले. आपल्यापर्यंत पोचायला पळाले."

मी तिला विचारलं, आईला का नाही सांगितलंस? सांगितलं होतं. आप्पांच्या दहाव्याला सांगितलं होतं. आईने तिला जवळ घेतलं आणि म्हणाली, हे पुन्हा बोलू नकोस. अक्काला ते फार पुढे समजलं. माणूस घाईने जातो असं असेल तर घाई थांबवता येते. मुलींना दप्तराशी बसवता येतं. पण आपल्या दुकानात, आपल्या टेबलाशी, निवांत उभ्या माणसाला हे होत असेल, तर आई आम्हाला कुठे लपवणार होती? तिला धरायला काहीतरी हवं होतं. अक्काने ते तिच्या हातातून काढून घेतलं नाही. आई गेल्यावर सांगायचं म्हणून ठेवलं, आणि मग बोलायची सवयच राहिली नाही.

मी रडत होते, आणि रागावलेही होते. म्हटलं, मग ते माझ्या मागे का येतात? तलावावर का आले? आईला रोज का ऐकू यायच्या वहाणा?

अक्काने माझ्याकडे बघितलं.

"वहाणा दुकानातच राहिल्या होत्या. आप्पा अनवाणी पळाले. मीच त्या पदरात, म्हणजे परकराच्या ओच्यात घालून घरी आणल्या."

बोळात कुणी नव्हतं. माझ्या डाव्या कानात त्या वाजत होत्या, स्पष्ट, जाड टायरच्या. मी उजव्या हाताची बोटं डाव्या मनगटावर ठेवली, डॉक्टरीणबाईंनी ठेवली होती तशी. टप. टप. टप. बोटाखाली उडत होतं तेव्हाच कानात वाजत होतं. एकही पाऊल इकडेतिकडे नाही. दाराशी मान कलवून बसलेली आई माझ्या डोळ्यांपुढून हलेना. रोज संध्याकाळी तिचं रक्त तिला सांगत होतं, आणि ती समजत होती नवरा घरी येतोय. आणि आम्ही अभ्यास थांबवून ऐकायचो.

मग अक्का हळूच म्हणाली, "मलाही ऐकू येतात. रोज. अनवाणी होते हे ठाऊक असून."

माझं रडणं जागच्या जागी थांबलं. दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधी मी तिला घेऊन दारात उभी होते. तिच्या दंडाला जन्मात पहिल्यांदा पट्टा बांधला. आकडा माझ्यापेक्षा वर होता. डॉक्टरीणबाईंनी तिला काही विचारायच्या आत मीच सगळं सांगून टाकलं, ती आपली मान हलवत होती.

आता आम्ही दोघी चालतो. अक्काला गोळ्या लागू पडल्यावर, परवानगी मिळाल्यावर सुरुवात केली. आधी बोळाच्या टोकापर्यंत, मग बाजारापर्यंत, थोडं थोडं वाढवत. वहाणा येतात. वेग वाढला की जोरात येतात. पहिले काही दिवस अक्का माझं मनगट घट्ट धरून चालायची आणि मी तिचं. बघणाऱ्यांना वाटलं असेल, दोन म्हाताऱ्या भांडून एकमेकींना घरी ओढत नेतायत. पट्ट्यावरचा आकडा हळूहळू उतरतो आहे. पुरता उतरला नाही. गोळ्या आहेतच. मधूनच माझ्या हातातून सुई जरी पडली तरी अक्का मशीनपाशी येऊन उभी राहते, आणि मी बोटं हलवून दाखवते.

एवढं सगळं झालं तरी रथाचा रस्ता आम्ही टाळत होतो. लांबून वळसा घालून घरी यायचो. मागच्या आठवड्यात बाजारातून निघालो तेव्हा दिवेलागण होत आली होती. अक्का वळली नाही. सरळ निघाली, भराभर. मला धाप लागली होती, मी तिला काहीतरी विचारलं, ते तिला ऐकू गेलं की नाही कुणास ठाऊक. पत्र्यांनी झाकलेला रथ आला. कानात वहाणा इतक्या जोरात वाजत होत्या की रस्त्यावरच्या मोटारसायकली ऐकू येत नव्हत्या. शेडपाशी अक्काचे पाय जरासे अडखळले. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मग आम्ही तिथून पुढे चालत गेलो, त्याच वेगाने, आप्पांचं राहिलेलं तेवढं अंतर.

निघताना तिने दार नुसतं लोटलं होतं आणि तांब्या भरून ठेवला होता, रोजच्यासारखा. तिने तो उचलला आणि माझ्या पायांवर पाणी घातलं. अर्धं ठेवलं. तांब्या माझ्या हातात देऊन तिने आपले पाय पुढे केले, मी घातलं. तुळशीला काही उरलं नाही.

आत गेलो. दिवा लावायचा होता. आवाज येतच होता, दोघींनाही, पण बाहेर कुणी यायचं राहिलेलं नव्हतं. मी अक्काकडे बघितलं, आणि तिने दार लावून घेतलं.